झाक, वल्लरी, झाक

पापाकुरा, ६ जुलै २०२५

वल्लरी,

जय भीम. दीप्तीच्या हातातला फोन हिसकावून घेऊ नकोस. आधी ऐकून घे, मग काय चिडायचं ते चीड.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला दोन वर्षं होऊन गेली, म्हणून हा आडमार्ग. तुमच्या इंग्लंडातल्या क्लबात जी नवी फिजिओ आलीये, नाशिकची दीप्ती, तिची सख्खी मावशी म्हणजे पापाटोएटोच्या आपल्या स्नेहलताताई. त्यांच्याकडून नंबर मिळवला. मी कागदावर लिहिणार, फोटो काढून दीप्तीला पाठवणार आणि ती तुला वाचून दाखवणार. तुला बोललेलं मराठी सगळं कळतं, वाचता तेवढं येत नाही. त्यातही चूक माझीच. शनिवारी पोरीला मराठीच्या वर्गाला घालायचं की प्रॅक्टिसला, असं आईनं विचारलं होतं, आणि मी एका सेकंदात प्रॅक्टिस म्हणून मोकळा झालो होतो.

दीप्ती, बाळ, तुला उगाच त्रास. पण सगळं वाच. रागावलेलंसुद्धा.

इंग्रजीत का लिहीत नाही म्हणशील. इंग्रजी बोलायला लागलो की मी सुपरवायझरसमोर उभा असतो तसा होतो. सॉरी, नो वरीज, ऑल गुड. तुझ्याशी मला तसलं गुळगुळीत बोलायचं नाहीये.

तर, मॅनेजर झालीस! आणि बापाला कळलं कुठून, तर ईस्ट टामाकीच्या फॅक्टरीत, लंचरूममध्ये, डबा खाताना. माझ्या शेजारच्या मशीनवरचा सिओने फोन नाचवत आला, "बॉस, युअर गर्ल!" फोटोत तू क्लबचं जॅकेट घालून, हाताची घडी घालून उभी. कपाळावर तीन आठ्या. कोपऱ्यावरच्या डेअरीत सुट्टे कमी दिले की आई अशीच उभी राहायची, आठवतं?

खाली लिहिलेलं पण वाचलं. बारा सीझन सेंटर बॅक, त्यातले सात कॅप्टन, गुडघ्याची दोन ऑपरेशनं, एक कप, मग वर्षभर असिस्टंट, आता तेहेतिसाव्या वर्षी मॅनेजर. सगळं बरोबर लिहिलंय, फक्त सुरुवात चुकवलीये. म्हणे, वॅल ओव्हाळ शाळेत फुटबॉल शिकली. डोंबल! शाळेत नेटबॉल होतं. फुटबॉल शिकलीस ती पापाकुराच्या मैदानावर, नऊ वर्षांची असताना, मुलांच्या टीममध्ये, आणि शिकवणारा मी होतो. आणि हे वॅल काय लावलंय? आईनं एवढं झोकदार नाव ठेवलं, त्याची शेपटी कापून टाकली सगळ्यांनी.

खडकीला फॅक्टरीच्या टीमकडून मी राइट बॅक खेळायचो तेव्हा आमचा एकच मंत्र होता. पुढचा गडी वर गेला की मागून ओरडायचं, "झाक!" म्हणजे त्याची जागा भर, मागची बाजू उघडी पडू देऊ नकोस. इथे परदेशात आल्यावर टचलाइनवरून मी तेच बोंबलायचो. "झाक, वल्लरी, झाक!" बाकीच्या मुलांच्या गोऱ्या आयांना वाटलं, पोरीचं नाव जॅक आहे. अख्खा एक सीझन त्या तुला "गुड गर्ल, जॅक" म्हणत होत्या, आणि तू मान खाली घालून हसत होतीस.

मी तुला ये म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही. एकदा बोल फक्त. हे घर अगदी चिडीचूप झालंय, भांडायलासुद्धा कुणी नाही.

पप्पा

पापाकुरा, १० ऑगस्ट २०२५

वल्लरी,

दीप्तीनं लिहिलं की तू सगळं ऐकलंस आणि उठून ट्रेनिंगला गेलीस. हट्टी. कुणाच्या वळणावर गेलीयेस ते मला सांगायला नको.

महिनाभर थांबलो. आता मुद्द्याचं लिहितो. दीप्ती, तुला मागचं काही माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो, नाहीतर तू कोड्यात पडशील. वल्लरीची आई, माझी सरला, मे २०२३ मध्ये गेली. रविवारी, इथले सकाळचे अकरा. त्याच रविवारी दुपारी तिकडे वल्लरीची कप फायनल होती, सरला गेल्यावर साडेचौदा तासांनी; तिकडचं घड्याळ अकरा तास मागे असतं. ती खेळली, जिंकली, कॅप्टन म्हणून तिनं कप उचलला. आणि मग मी फोन केला.

आई आजारी आहे हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. फेब्रुवारीपासून आम्ही लपवलं. दर रविवारी व्हिडिओ कॉलच्या आधी सरला स्कार्फ बांधायची, गालांना जरा पावडर लावायची आणि उशीला टेकून हसत बसायची. पुढे पुढे तेही जमेना, तेव्हा "आई झोपलीये", "आई स्नेहलताताईंकडे गेलीये" असं मी सांगायचो.

वल्लरी, अंत्यविधीनंतर तू सगळ्यांसमोर मला विचारलंस, "यू लेट मी लिफ्ट अ कप, पप्पा?" मी गप्प बसलो. तू दुसऱ्या दिवशी निघून गेलीस. त्या दिवशी जे बोललो नाही ते आज सांगतो.

आईनं शपथ घातली होती. रिपोर्ट आला त्या दिवशी, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या. म्हणाली, "माझी शपथ आहे तुम्हाला. सीझन संपेपर्यंत पोरीला कळता कामा नये. अर्ध्यावर टाकून येईल ती." शेवटपर्यंत तिनं ती शपथ मागे घेतली नाही. मरणाऱ्या बाईची शपथ मी कशी मोडायची? तूच सांग.

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण गेलेल्या माणसावर कसं ढकलायचं म्हणून तोंड शिवून बसलो. हे अगदी खरं आहे. दीप्ती, हे वाक्य दोनदा वाच.

पप्पा

पापाकुरा, २१ सप्टेंबर २०२५

वल्लरी, माझी बाई, तू फोन केलास!

गेल्या रविवारी सकाळी भांडी घासत होतो, हात साबणाचे, आणि फोन वाजला. "पप्पा, इट्स मी." मी तिथेच खाली फरशीवर बसलो. तू "आर यू ओके? आर यू ओके?" करत होतीस आणि मी साबणाच्या हातानं फोन कानाला दाबून धरला होता. सतरा मिनिटं बोललो आपण. नंतर फोनवर दिसतात ना मिनिटं, ती मी चारदा बघितली.

आनंदाच्या भरात मी फक्त फुटबॉलच बडबडत बसलो. पहिली मॅच तीन-एकनं हरलात, दुसरी शून्य-शून्य. शून्य-शून्य म्हणजे झकास, डिफेंडरच्या पोरीला तेच शोभतं. पण तुझे दोन्ही साइड बॅक एकाच वेळी वर जातात, हे मी फोनवर बोललो नाही, आता बोलतो. एक गेली की दुसरीनं थांबायचं. मॅनेजर असशील तिकडची, मला शिकवू नकोस.

तू त्या जुन्या कॅप्टनची गोष्ट सांगितलीस ती मात्र डोक्यातून जात नाहीये. चौतीस वर्षांची, नऊ वर्षं त्या क्लबात, तुझ्या आधीपासून, आणि तू तिला टीममधून काढलंस. यादी लावायच्या आधी तिच्या घरी गेलीस, समोर बसलीस आणि तोंडावर सांगितलंस. ती रडली. तू म्हणालीस, "नोबडी शुड फाइंड आउट लेट, पप्पा. नॉट इन माय टीम." मी हं हं केलं. मला एकदम पाणी प्यावंसं वाटलं.

मग तू ते विचारलंस. "सो इट वॉज मम्स कॉल? ऑल द वे?" आणि मी हो म्हटलं. तू म्हणालीस, "ओके. आय वॉज अँग्री विथ द राँग पर्सन." किती शांतपणे म्हणालीस.

आईवर फार रागावू नकोस हं. तिचा जीव होता तुझ्यावर.

ख्रिसमसला बघते म्हणालीस. बघते म्हणजे येते, असं मी धरून चाललोय. तुझ्या खोलीतली इस्त्रीची घडवंची बाहेर काढली, पडदे धुतले. सोमवारी पापाटोएटोहून जिलबी नेली, अख्ख्या लंचरूमला वाटली. सिओने म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, बॉस," म्हणजे इथल्या भाषेत झकास, आणि सहा खाल्ल्या.

पप्पा

पापाकुरा, ५ ऑक्टोबर २०२५

वल्लरी,

आज लांबण लावत नाही.

काल धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम होता, हॉलमध्ये, नेहमीसारखा. वंदना झाली, लहान पोरांची भाषणं झाली. मग स्नेहलताताई उठल्या आणि आईबद्दल बोलल्या. माझं पत्र दीप्तीनं त्यांना सांगितलं असणार, त्यात वाईट काही नाही. म्हणाल्या, "काय आई होती! पोरीच्या खेळासाठी शेवटच्या श्वासापर्यंत तिला हाक मारली नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. मीपण टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या वेळी ताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, वल्लरीनं ऑफिसच्या टेबलावरचा आईचा फोटो काढून ड्रॉवरमध्ये टाकलाय. दीप्तीनं विचारलं तर म्हणाली, "शी डिडन्ट वाँट मी देअर."

माझ्या ताटातली खीर तशीच राहिली.

दीप्ती, तू हे मला का नाही गं कळवलंस? माझं मन दुखेल म्हणून? आपल्या लोकांना ही खोड कुणी लावली कोण जाणे, वाईट ते सगळं मधल्यामध्ये गाळून टाकायची.

वल्लरी, तो फोटो बाहेर काढ. एवढंच.

पप्पा

पापाकुरा, १२ ऑक्टोबर २०२५

दीप्ती,

हे पत्र आधी तू एकटीनं वाच. मग वल्लरीला वाचून दाखव, सगळं, एक अक्षर न गाळता. मध्ये ती थांब म्हणाली तर थांब, पण मग पुन्हा तिथूनच पुढे वाच. हे माझ्यासाठी करू नकोस, तिच्या आईसाठी कर.

वल्लरी,

ऑगस्टमध्ये मी तुला खोटं लिहिलं.

शपथेचं खरं आहे. पार्किंगमध्ये आईनं घातली होती, अगदी तशीच. पण शेवटपर्यंत मागे घेतली नाही, हे खोटं. फायनलच्या आधीच्या बुधवारी तिनं ती मागे घेतली. हॉस्पिसमध्ये, दुपारी, मी तिला मोसंबीचा रस पाजत होतो. तिनं ग्लास बाजूला केला आणि म्हणाली, "पुरे झालं आता. वल्लरीला बोलवा."

त्याच क्षणी फोन लावला असता तर शुक्रवारी तू इथे असतीस. मी हिशेब केला होता, म्हणून मला माहीत आहे. दुसराही एक हिशेब केला. डॉक्टर म्हणाले होते, दोनतीन आठवडे आहेत. रविवारी फायनल. सोमवारी तुला सांगायचं, बुधवारी तू येशील, आई भेटेल, कपही होईल. सगळं बसत होतं.

कुणाला हवा होता गं तो कप? आईला नको होता. तुला सांगितलं असतं तर तूही त्याच्यावर थुंकून निघाली असतीस. मला हवा होता. खडकीला नऊ वर्षं खेळलो, एकदाही फायनल बघितली नाही, आणि माझी पोरगी इंग्लंडात कॅप्टन म्हणून फायनलला उभी राहणार होती. माझा जीव त्यात अडकला होता. त्याला मी तुझं करिअर, करिअर असं नाव देत होतो. मी नीच वागलो, वल्लरी. दुसरा शब्द नाही.

आणि आईला काय सांगितलं, ते ऐक. मी म्हटलं, "बोलावलं गं. येतेय."

लहानपणापासून तुला शिकवलं ना मी, झाक म्हणून. मला तेवढंच येतं. एक भोक पडलं की धावत जाऊन तिथे उभं राहायचं, मग दुसरीकडे पडतं, मग तिकडे.

गुरुवारी तिनं विचारलं, "तिकीट मिळालं का?" मी म्हटलं, मिळालं. शुक्रवारी विचारलं, "बसली का?" मी म्हटलं, बसली. तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान आलं की मला वाटलं, बरंच केलं मी. शनिवारी डोळे मिटूनच विचारत होती, "विमान कुठवर आलं?" मी म्हटलं, सिंगापूर. संध्याकाळी पुन्हा विचारलं. पुन्हा सिंगापूर म्हणालो. ती म्हणाली, "एवढा वेळ?" मी म्हटलं, विमानात बिघाड झालाय, दुसरं देतायत.

आणि त्याच शनिवारी तू मला मेसेज केला होतास, "हाऊज मम?" मी अंगठा पाठवला.

तुझ्या त्या जुन्या कॅप्टनला तू घरी जाऊन तोंडावर सांगितलंस. माझ्या पोटची पोर तू, आणि तुला जे जमलं ते मला साठ वर्षांत जमलं नाही. तुझा फोन आला तेव्हासुद्धा जमलं नाही. तू म्हणालीस, चुकीच्या माणसावर रागावले होते. तेव्हा बोलायला हवं होतं. पण तुझा आवाज दोन वर्षांनी ऐकत होतो, आणि तो पुन्हा बंद होईल या भीतीनं मी तुझी आई विकली. मेलेली बाई काय बोलणार आहे, असं वाटलं असेल मला.

तुला ती नको होती म्हणून नव्हे, तर तूच तिला नको होतीस असं वाटून तू फोटो ड्रॉवरमध्ये टाकलास, हे ऐकल्यापासून मी जेवलो तरी जेवल्यासारखं वाटत नाही. तुझी आई तुझ्यावाचून कासावीस होऊन गेली. तिनं तुला हाक मारली नाही असं म्हणणाऱ्या सगळ्यांना मी पुढच्या रविवारी हॉलमध्ये उभं राहून खरं सांगणार आहे. स्नेहलताताईंना आजच सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

तू पुन्हा नंबर ब्लॉक करशील. कर. मी आडमार्ग शोधणार नाही. दीप्तीलाही आता त्रास देणार नाही. ख्रिसमसला येऊ नकोस असं म्हणवत नाही गं माझ्याच्यानं, पण आलीस तर माझ्याकडे आलीस असं मी समजणार नाही.

आता रविवार. हे तुला कुणीच सांगू शकत नाही, मीच फक्त सांगू शकतो, म्हणून सांगतो.

सकाळी साडेनऊला आई चांगली जागी झाली. आवाज स्वच्छ होता. "लँड झालं का?" मी म्हटलं, झालं. "मग अजून कशी नाही आली?" मी म्हटलं, "एअरपोर्टवर बॅग उघडून बसलेत. खेळाचे बूट तपासतायत, माती लागलीये." आई हसली गं. चार दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "धुतले नसतीलच तिनं. कधी धुतलेत? मीच धुवायचे." आणि मग म्हणाली, "तुम्ही जा. तिला घेऊन या. एकटी कशाला येईल टॅक्सीनं? मी आहे इथे."

नाही कसं म्हणणार? गाडीची किल्ली घेतली आणि निघालो. पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो. हॉस्पिसपासून एअरपोर्टला जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिथे बसून राहिलो, गाडी सुरू न करता. परत येऊन काय सांगायचं, ते ठरवत होतो. तुला फोन लावावा असंही मनात आलं. फोन हातात होता.

अकराला वर आलो तेव्हा नर्स दारातच उभी होती. ती आधी माझ्या मागे बघायला लागली, कोणी येतंय का. म्हणाली, पाच मिनिटं झाली. म्हणाली, सरलानं शेवटी एकच काम सांगितलं होतं. पलंगाशेजारच्या खुर्चीवर माझं जॅकेट पडलेलं होतं, ते उचलायला लावलं, तू आल्यावर बसशील कुठे म्हणून.

विश्वनाथ